ब्रायटनच्या माळावरील छत्री आणि ससेक्स काउंटीचा इतिहास

पाऊलवाट (धागाकर्ते)

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ब्रायटन शहराच्या पाठीशी, खडूच्या खडकाच्या आणि गवताने झाकलेल्या टेकड्यांची एक लांब ओळ पसरलेली आहे. तिला साउथ डाउन्स म्हणतात. शहराच्या उत्तर कडेला पॅचम नावाचे जुने गाव आहे आणि त्याच्या वरच्या अंगाला, समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० फुटांवर, उघड्या माळावर पांढऱ्या संगमरवराची एक छत्री उभी आहे. तिचे इंग्रजीतले नावही छत्री हेच आहे. पुण्याजवळ वानवडीला महादजी शिंद्यांची छत्री ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. जिथे दहन झाले त्याच जागी उभारलेली स्मृती, असाच अर्थ येथेही आहे.

या जागी डिसेंबर १९१४ ते डिसेंबर १९१५ या काळात ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचे दहन झाले. ते सगळे ब्रायटनच्या इस्पितळांत मरण पावले होते. दहनानंतर त्यांच्या अस्थी येथून खाली दिसणाऱ्या समुद्रात सोडल्या जात.

पहिल्या महायुद्धात हिंदी सैन्याच्या लाहोर आणि मेरठ या दोन डिव्हिजन सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरू लागल्या आणि अवघ्या काही आठवड्यांत त्यांना फ्लँडर्स व उत्तर फ्रान्समधील खंदकांत उभे करण्यात आले. जखमींची संख्या इतकी वाढली, की इंग्लंडच्या किनाऱ्यावर त्यांच्यासाठी खास इस्पितळे काढावी लागली. ब्रायटनमध्ये अशी तीन ठिकाणे होती: रॉयल पॅव्हेलियन हा जुना राजवाडा आणि त्याला लागून असलेल्या डोम व कॉर्न एक्स्चेंज या इमारती, यॉर्क प्लेसची शाळा, आणि एल्म ग्रोव्हवरील गरीबखाना, ज्याला नंतर किचनर इस्पितळ असे नाव मिळाले. या सर्वांत मिळून सुमारे १२,००० भारतीय सैनिकांवर उपचार झाले. पॅव्हेलियनच्या आवारात जातिधर्माच्या नियमांप्रमाणे नऊ स्वयंपाकघरे होती, हिंदू आणि मुसलमान रुग्णांसाठी पाण्याचे नळ वेगळे होते, फलक उर्दू, हिंदी आणि गुरुमुखीत लिहिलेले होते आणि हिरवळीवरच्या एका तंबूत शिखांचा गुरुद्वारा भरत असे.

स्मारकाची कल्पना डिसेंबर १९१४ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील लेफ्टनंट दासगुप्ता यांनी ब्रायटनच्या महापौरांपुढे मांडली. महापौर जॉन ऑटर यांनी ती मनावर घेतली आणि पद सोडल्यानंतरही तिचा पाठपुरावा केला. आराखडा काढला ई. सी. हेन्रिक्स या मुंबईच्या तरुण वास्तुशिल्पीने, आणि त्यांना मार्गदर्शन होते सर सॅम्युअल स्विंटन जेकब यांचे, ज्यांचे जयपूरमधील काम अनेकांना ठाऊक असेल. बांधकाम १९२० मध्ये सुरू झाले. सुमारे ४,९६४ पौंडांचा खर्च इंडिया ऑफिस, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणारे लंडनमधील सरकारी खाते, आणि ब्रायटन नगरपालिका यांनी वाटून घेतला. १ फेब्रुवारी १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते छत्रीचे अनावरण झाले. संगमरवर सिसिलीचा आहे. आठ खांबांवर घुमट आहे, आणि ज्या तीन चौथऱ्यांवर चिता रचल्या जात ते ग्रॅनाइटच्या शिळांनी झाकलेले आहेत.

धागा काढण्याचे कारण असे, की या छत्रीबद्दल जे लेखन वाचायला मिळते ते बहुतेक महायुद्धाच्या किंवा साम्राज्याच्या अंगाने केलेले असते, आणि ज्या काउंटीच्या माळावर ती उभी आहे त्या ससेक्सचा त्यात जेमतेम उल्लेख येतो. मला ते अपुरे वाटते. ससेक्स म्हणजे दक्षिणेकडील सॅक्सन लोकांचा प्रदेश. १०६६ साली हेस्टिंग्जजवळ नॉर्मंडीच्या विल्यमने हॅरल्ड राजाचा पराभव केला तो याच काउंटीत. त्या रणभूमीवर विल्यमने मठ बांधला आणि परंपरा सांगते की मठाची मुख्य वेदी हॅरल्ड जिथे पडला नेमक्या त्याच जागी होती. त्या गावाचे नावच ‘बॅटल’ आहे. माणूस जिथे पडला ती जागा दगडाने खुणावून ठेवायची, ही रीत या मातीत साडेआठशे वर्षे आधीपासून होती. छत्री बाहेरून आणून ठेवलेली वस्तू नसून त्या रीतीत सहज बसलेली आहे, असे मला तिथे गेल्यावर प्रत्येक वेळी वाटते.

सदस्यांनी आपल्याकडील माहिती जोडावी. मुंबई इलाख्याच्या पलटणींबद्दल कोणाला सांगता आले तर विशेष आनंद होईल.

खडकीकर

पाऊलवाट, धाग्याबद्दल मनापासून आभार. आपण शेवटी जे विचारले आहे त्याचे उत्तर मी थोडे विस्ताराने देतो, कारण पश्चिम आघाडीवर मराठी माणसे नव्हतीच, असा समज आपल्याकडे बराच पसरलेला आहे.

फ्रान्सला गेलेल्या पायदळात मुख्यतः पंजाबी, पठाण, डोगरा, जाट, गढवाली आणि गुरखा सैनिक होते, हे खरे. मराठा पलटणींचा मोठा भाग मेसोपोटेमियाकडे गेला. १०३वी, ११०वी आणि ११७वी या तिन्ही मराठा पलटणी तिथल्या कुत या गावाच्या वेढ्यात सापडल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कुत पडले तेव्हा तिथे उरलेले सैनिक तुर्कांच्या कैदेत गेले. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांच्या वेशीवर किंवा चावडीच्या भिंतीत ‘या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले’ असे सांगणारी पाटी दिसते. त्या गेलेल्यांपैकी अनेकांची वाट बसऱ्याकडची होती. त्यामुळे त्यांची आठवण शोधायला ससेक्समध्ये जाऊन फारसा उपयोग नाही.

तरीही खडकीच्या सॅपर्सना विसरून चालणार नाही. तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे आपण ज्यांना बॉम्बे सॅपर्स म्हणतो त्यांच्या, २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी ४७व्या शीख पलटणीबरोबर उत्तर फ्रान्समधील नव्ह शापेल गावावर चालून गेल्या. सॅपर म्हणजे पूल बांधणारा, खंदक खणणारा, सुरुंग लावणारा माणूस. त्याला त्या दिवशी पायदळाप्रमाणे संगीन लावून घराघरांतून लढावे लागले. मदत वेळेवर पोहोचली नाही आणि घेतलेले गाव सोडावे लागले. दोन्ही कंपन्यांचे सगळे ब्रिटिश अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले, आणि शिकवून तयार केलेले कारागीर एका दुपारी गमावले गेले. माझे बालपण खडकीच्या परिसरात गेले. तिथे या लढाईचे नाव लहानपणापासून कानावर पडत असे, पण तिचा ब्रायटनशी संबंध जोडावा हे आजवर सुचले नव्हते.

जुनी_वही

लेख आवडला. परंतु पॅव्हेलियनच्या वर्णनात एक गोष्ट राहून गेली आहे आणि ती महत्त्वाची आहे असे मला वाटते.

सम्राटाने आपला राजवाडा जखमी हिंदी शिपायांसाठी रिकामा करून दिला, अशी कथा त्या वेळी मुद्दाम पसरवण्यात आली. शिपायांनी घरी लिहिलेल्या पत्रांतही ती दिसते. वस्तुस्थिती अशी, की व्हिक्टोरिया राणीला ती जागा आवडली नव्हती आणि ब्रायटन शहराने ती १८५० मध्येच विकत घेतली होती. राजघराण्याकडे तेव्हा देण्यासारखे तिथे काही उरलेलेच नव्हते. जखमींची छायाचित्रे, चित्रपत्रे आणि माहितीपुस्तिका निघाल्या, त्यांचा हेतू शुश्रूषेपुरता नव्हता. हिंदुस्थानातील जनमत आणि सैन्यभरती यांच्यावर डोळा होता.

दुसरीकडे, किचनर इस्पितळाच्या भिंतीवर काटेरी तार होती. तिथल्या शिपायांना आणि हिंदी कर्मचाऱ्यांना सोबतीशिवाय शहरात जाण्याची मोकळीक नव्हती, कारण स्थानिक स्त्रियांशी त्यांची ओळख वाढेल ही अधिकाऱ्यांना भीती होती. ज्या माणसांना बेल्जियममधील ईप्रच्या विषारी वायूत उभे केले त्यांना ब्रायटनच्या रस्त्यावर एकटे चालू द्यायचे नाही, याची मला चीड येते. छत्रीवर कोरलेल्या लेखात ‘कृतज्ञ आदराने आणि बंधुप्रेमाने’ हे स्मारक अर्पण केल्याचे म्हटले आहे. तो लेख वाचताना ही तार डोळ्यांपुढून हलत नाही.

आणखी एक गोष्ट नोंदवतो. ज्या राजपुत्राने फेब्रुवारी १९२१ मध्ये छत्रीचे अनावरण केले, तोच त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला मुंबईत उतरला. त्या दिवशी मुंबईत हरताळ होता, परदेशी कपड्यांची होळी झाली आणि दंगल उसळली. जालियनवाला बागेला जेमतेम अडीच वर्षे झाली होती, आणि छत्रीच्या जागी ज्यांचे दहन झाले त्यांतील अनेकांची गावे पंजाबातच होती.

पाऊलवाट (धागाकर्ते)

जुनी_वही, आपण लिहिलेले सर्व खरे आहे आणि ते धाग्यात आले हे योग्य झाले. लेखातील ‘बंधुप्रेम’ या शब्दावर मीही अडतो. तरी मला एक भेद करावासा वाटतो.

काटेरी तार लष्करी अधिकाऱ्यांनी लावली. छत्रीची सूचना एका हिंदी डॉक्टरची होती, आराखडा मुंबईच्या माणसाचा होता, आणि सुमारे निम्मे पैसे ब्रायटनच्या नगरपालिकेने घातले. मृतांना त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नी मिळावा यासाठी शहराबाहेरच्या माळावर जागा देण्याचे काम १९१४ च्या हिवाळ्यात झाले, जेव्हा आपली मुले परत येतील की नाही ही काळजी शहरातल्या घराघरांत होती. सरकारी प्रचार आणि गावाने केलेला पाहुणचार एकाच वेळी, एकाच इमारतीत चालू असू शकतात, आणि एकाचे मोल दुसऱ्यामुळे शून्य होत नाही. ऑगस्ट १९१५ मध्ये सुभेदार मीर दस्त यांना पंचम जॉर्जच्या हस्ते व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो पॅव्हेलियनच्या हिरवळीवर. तो सोहळा प्रचाराचा होता हे मान्य. पण ज्याला पदक मिळाले त्याने २६ एप्रिलला ईप्रपाशी वायुहल्ल्यात आठ अधिकाऱ्यांना गोळीबारातून बाहेर आणले होते, हेही तितकेच खरे आहे.

पॅव्हेलियनच्या वास्तूबद्दलही थोडे सांगतो, कारण काउंटीच्या इतिहासात ते बसते. १५१४ साली फ्रेंचांनी जाळलेले हे मासेमारीचे गाव अठराव्या शतकात समुद्रस्नानाने प्रसिद्ध झाले आणि १७८३ मध्ये युवराज जॉर्ज प्रथम येथे आला. जॉन नॅशने १८१५ पासून त्याच्या बंगल्याला घुमट आणि मिनार चढवले. नॅशने हिंदुस्थान कधीही पाहिला नव्हता. चित्रांवरून त्याने मनाने एक हिंदुस्थान रचला. त्याच सुमारास पाटण्याहून आलेले शेख दीन मुहम्मद ब्रायटनच्या किनाऱ्यावर वाफेची स्नानगृहे चालवत होते आणि चंपी करून देत होते. इंग्रजीतला ‘शॅम्पू’ हा शब्द त्या चंपीशीच जोडलेला आहे. त्यांची कबर सेंट निकोलस चर्चच्या आवारात आहे. म्हणजे हिंदुस्थानाची कल्पना आणि खरा हिंदी माणूस, दोन्ही या शहरात महायुद्धाच्या शंभर वर्षे आधीपासून शेजारी नांदत होते. पॅव्हेलियनमधून टेकडीवर गेले की हा फरक लगेच जाणवतो: खाली हिंदुस्थान न पाहिलेल्या इंग्रजाने बांधलेले घुमट आहेत, आणि वर मुंबईच्या वास्तुशिल्पीने काढलेला एकच साधा घुमट आहे, ज्याच्यावर अवाजवी नक्षी नाही.

सरे_वासी

मुस्लिम सैनिकांबद्दल कोणी विचारण्यापूर्वीच लिहितो, कारण छत्रीची हकीकत त्यांच्याशिवाय अपुरी राहते. इंग्लंडच्या इस्पितळांत मरण पावलेल्या मुस्लिम सैनिकांचे दफन शेजारच्या सरे काउंटीत, वोकिंगच्या शाहजहान मशिदीजवळ होई. हिंदी मुस्लिमांना नीट माती मिळत नाही, असा प्रचार जर्मनीने चालवला होता. त्याला उत्तर म्हणून वोकिंगच्या हॉर्सेल कॉमन या माळावर कमानीचा दरवाजा आणि विटांची भिंत असलेले स्वतंत्र दफनस्थान बांधले गेले आणि ते १९१७ मध्ये पूर्ण झाले. पुढे तिथे नासधूस होऊ लागली, म्हणून १९६८ च्या सुमारास सर्व कबरी ब्रुकवूडच्या लष्करी दफनभूमीत हलवल्या. आता त्या जुन्या आवारात बाग आहे आणि तिथे विसावलेल्या २७ जणांसाठी २७ हिमालयी भूर्जवृक्ष लावलेले आहेत.

मी दोन्ही जागा एकाच दिवशी पाहिल्या आहेत. एकाच वॉर्डात शेजारच्या खाटांवर पडलेली माणसे मरणानंतर दोन दिशांना गेली. एकाची वाट दक्षिणेला समुद्राकडे आणि दुसऱ्याची उत्तरेला झाडीत.

उंबरठा

दहनाच्या कायद्याबद्दल एक पुरवणी. इंग्लंडमध्ये दहनाचे नियमन १९०२ च्या कायद्याने होते आणि उघड्यावर चिता रचण्याची मुभा सर्वसाधारणपणे मिळत नाही. पॅचमच्या माळावरील दहने त्या दृष्टीने अपवादात्मक होती. न्यूकॅसलमधील एका हिंदू गृहस्थांनी पारंपरिक चितेचा हक्क मागत खटला चालवला आणि २०१० मध्ये अपील न्यायालयाने निर्णय दिला की उघड्या बाजू असलेल्या बांधकामातही, सूर्यप्रकाश शरीरावर पडेल अशा रीतीने, कायद्याच्या चौकटीत दहन होऊ शकते. युद्धाच्या गरजेपोटी जे १९१४ मध्ये काही आठवड्यांत शक्य झाले, ते नागरिकांना मागण्यासाठी जवळजवळ शंभर वर्षे लागली. माझे वडील येथेच गेले आणि त्यांचे दहन बंद दाराआड, एक कळ दाबून झाले. त्यामुळे पॅचमचे ते तीन चौथरे मला फार जवळचे वाटतात.

छत्रीवर त्या ५३ जणांची नावे आहेत का? मला छायाचित्रांत दिसली नाहीत.

पाऊलवाट (धागाकर्ते)

उंबरठा, आपण वडिलांबद्दल लिहिलेले वाचून गहिवरून आले.

छत्रीवर नावे नाहीत. तिच्यावर इंग्रजी, हिंदी, पंजाबी आणि उर्दूत लेख आहे, पण माणसे अनामच राहिली. सप्टेंबर २०१० मध्ये राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने छत्रीजवळ पोर्टलंड दगडाचे एक वेगळे स्मारक उभारले आणि त्यावर ५३ जणांची नावे पलटणींसह कोरली. म्हणजे अनावरणानंतर ८९ वर्षे लागली. वास्तविक नोंदी सैन्याकडे होत्याच. ज्या युद्धात प्रत्येक मृताचे नाव दगडावर कोरण्याचे तत्त्व ठरले, त्याच युद्धातल्या या माणसांना ते इतक्या उशिरा लागू झाले, याचे मला फार वाईट वाटते.

मधल्या काळात छत्रीने बरेच सोसले. दुसऱ्या महायुद्धात डाउन्सचा हा भाग लष्करी सरावासाठी घेतला होता. संगमरवरावर गोळ्या लागल्या आणि युद्ध संपल्यावर दुरुस्ती करावी लागली. १९५१ पासून माजी सैनिकांची संघटना दर वर्षी तिथे यात्रेसारखी जात असे. त्या संघटनेने १९९९ मध्ये हे काम थांबवले तेव्हा येथील भारतीय वंशाच्या माजी सैनिकांनी आणि स्थानिक रहिवाशांनी ते हाती घेतले. आता दर जूनमधल्या एका रविवारी सभा होते. गाडी जवळपर्यंत जात नाही, शेवटचा टप्पा गवतातल्या पायवाटेने चढावा लागतो. तरी काठी टेकत येणारे वृद्धही मी पाहिले आहेत.

आता ज्या गोष्टीसाठी मी काउंटीचा इतिहास मध्ये आणला, ती सांगतो. रॉयल ससेक्स रेजिमेंटच्या ११व्या, १२व्या आणि १३व्या बटालियन युद्धाच्या सुरुवातीला याच डाउन्सच्या परिसरातील गावांतून उभ्या राहिल्या. एकाच गावातील, एकाच शेतावरील, एकाच क्रिकेट संघातील तरुण एकत्र भरती झाले. ३० जून १९१६ रोजी, फ्रान्समधील सॉमच्या मोठ्या चढाईच्या आदल्या दिवशी, शत्रूचे लक्ष वळवण्यासाठी त्यांना एका लहानशा ठाण्यावर सोडण्यात आले. पाच तासांच्या आत ३६६ जण मारले गेले आणि हजाराहून अधिक जखमी किंवा कैद झाले. भावाशेजारी भाऊ पडले. ‘ससेक्स मेले तो दिवस’ असे येथील लोक आजही म्हणतात, आणि ज्या गावांच्या चर्चबाहेर युद्धस्मारके आहेत त्यांतील अनेकांवर ही तारीख सापडते.

ती लढाई झाली रिशबूर लावूए येथे. नव्ह शापेल तिथून अगदी जवळ आहे. खडकीकरांनी सांगितलेली सॅपर्सची लढाई, मार्च १९१५ मधील मेरठ आणि लाहोर डिव्हिजनची लढाई आणि ससेक्सच्या पोरांचे ते मरण, हे सर्व त्याच सपाट, पाणथळ शेतांच्या पट्ट्यात घडले. पश्चिम आघाडीवरील भारतीय सैनिकांचे जे मुख्य स्मारक फ्रान्समध्ये १९२७ साली उभे राहिले आणि ज्यावर ४,७०० हून अधिक नावे आहेत, तेही रिशबूरच्याच हद्दीत आहे. १९१५ संपताना हिंदी पायदळ फ्रान्स सोडून गेले आणि सहा महिन्यांच्या आत ससेक्सची मुले त्याच भागात येऊन पडली. ज्यांच्यासाठी ससेक्सने चिता रचल्या होत्या, त्यांनी पूर्वी राखलेल्या मातीत ससेक्सची माणसे पुरली गेली. म्हणून मी म्हणतो की छत्रीचा इतिहास या काउंटीच्या इतिहासापासून वेगळा करून वाचता येत नाही.

खडकीकर

रिशबूरचा हा दुवा मला ठाऊक नव्हता. वाचून बराच वेळ काही लिहिता आले नाही.

एक विनंती आहे. आपण पुढच्या वेळी टेकडीवर जाल तेव्हा त्या ५३ नावांत सॅपर्स अँड मायनर्सचे कोणी आहे का, एवढे पाहून सांगाल का? असल्यास नाव आणि कंपनी उतरवून घ्यावी. खडकीत त्या नावापुढे एक दिवा लावण्याची व्यवस्था मी करीन.

पाऊलवाट (धागाकर्ते)

नक्की. येत्या जूनच्या सभेला मी जाणारच आहे. सगळी ५३ नावे पलटणींसह वहीत उतरवून आणतो आणि याच धाग्यात देवनागरीत लिहितो.